रतांब्याच्या झाडाचे दोन साक्षीदार

तेव्हा मी पेणला नोकरी करत होते आणि शनिवारी संध्याकाळी एसटीने रोह्याला, पुलापलीकडे अष्टमीतल्या घरी यायचे. नव्वदच्या दशकातल्या एका मे महिन्यात, गाडीने गडब सोडेपर्यंत माझी यादी तयार झाली होती: दोर, कुऱ्हाड, झाड तोडायला खांब गावचा गडी, दोन साक्षीदार, सहा कप चहा. हुकूम बाबांचा होता. मला त्या यादीतला चहा सोडून काहीही नको होतं.

भांडण बाबा आणि काकांचं. दोन घरांच्या हद्दीवर रतांब्याचं, म्हणजे कोकमाचं झाड होतं आणि त्याच्या फांद्या आमच्या कौलांवर घासायच्या. दोघंही झाड माझंच म्हणत. शिमग्यापासून बोलणं बंद होतं. बाबांनी कुंपण घातलं, त्यात काकूची विहिरीची वाट बंद झाली. आई आणि काकू दर वर्षी याच झाडाची आमसुलं मिळून करायच्या. झाड पडलं की दोन्ही घरं कायमची तुटणार, हे सगळ्यांना कळत होतं. बहुतेक बाबांनाही.

"साक्षीदार भावकीतले नकोत," बाबा म्हणाले. म्हणून त्यांनी निवडले एक निवृत्त मास्तर, बेने इस्रायली, म्हणजे आपल्याकडचे ज्यू, आणि बाजारात मसाल्याचं दुकान असलेले मुसलमान चाचा. वार मी ठरवला. शुक्रवारी चाचांची दुपारची नमाज, शनिवारी मास्तरांचा शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा पवित्र वार, ते काडीसुद्धा पेटवत नाहीत. उरला रविवार.

सकाळी दोघं ओटीवर बसले. मास्तरांनी बशीत चहा ओतला आणि वर बघितलं. "हे तोडायचं? अहो, फळलंय की!"

"माझ्या हद्दीत आहे," बाबा म्हणाले.

"हद्दीचं सोडा. आमच्या धर्मात शत्रूच्या गावाला वेढा घातला आणि तो कितीही लांबला, तरी फळझाडाला कुऱ्हाड लावायची नाही. झाड काय तुमच्याशी लढायला आलंय?"

चाचांनी कप खाली ठेवला. "वा मास्तर, ही तर आमची गोष्ट! फौज निघाली तेव्हा पहिल्या खलिफांनी ताकीद दिली. बायका, पोरं, म्हातारे यांना मारायचं नाय. फळझाड तोडायचं नाय. खाण्यापुरतं सोडून जनावर कापायचं नाय."

"आमचा नियम जुना."

"असू दे. आमची यादी मोठी हाय."

यादी म्हटल्यावर मी माझ्या यादीचा कागद उलटा केला आणि दोघांचे नियम लिहायला घेतले.

"तुम्ही साक्षीला आलात की प्रवचनाला?" बाबा वैतागले.

"लढाईत अगदीच अडलं तर तोडावं, असं म्हणणारे जाणते पण आमच्यात हायत," चाचा म्हणाले. बाबांचा चेहरा उजळला. "पण भाई, तुमचं काय अडलंय?"

"फळ न देणारं झाड मात्र तोडता येतं," मास्तरांनी प्रामाणिकपणे भर घातली.

"मग मिटलं! हे नर झाड आहे."

रतांब्याच्या नर झाडाला फळ धरत नाही, हे खरं. पण बाबांच्या डोक्यावर लालभडक रतांबे लोंबत होते. कुंपणापलीकडून काकूचा आवाज आला, "व्हय का भावोजी? मग गेल्या साली सोलकढी कुठल्या नराची प्यायलात?"

आई पदर तोंडाला लावून आत पळाली. खांबचा गडी इतका हसला की त्याने कुऱ्हाड भिंतीला टेकवून ठेवली. बाबा तेवढे हसले नाहीत.

मास्तरांनी चष्मा पुसला. "अजून एक नियम आहे. वेढा तीनच बाजूंनी घालायचा. चौथी बाजू मोकळी ठेवायची, ज्याला जायचं त्याला जाता यावं म्हणून." मग कुंपणाकडे बघत त्यांनी हळूच विचारलं, "विहिरीची बाजू पण बंद केलीत?"

बाबा उठले. मला वाटलं, रागाने घरात जातील. ते गेले विहिरीच्या बाजूला आणि बांबू उपटायला लागले. बांबू घट्ट रोवलेला, एकट्याला हलेना. पलीकडून दोन हात आले.

"खालून धर, दादा," काका म्हणाले. शिमग्यानंतरचं ते पहिलं वाक्य.

कौलांवरच्या दोन फांद्या गड्याने दोन्ही साक्षीदारांच्या परवानगीने छाटल्या. काकू बांबूच्या जागेतून हंडा घेऊन आली आणि थेट आईकडे स्वयंपाकघरात शिरली. मी कागद पुन्हा सुलटा केला, सहा कप खोडून आठ लिहिले, आणि खाली नवीन ओळ: रतांबे काढायला टोपल्या, दोन्ही घरच्या.