नलूकाकीचं तीर्थ

त्या सकाळी गिरणी सुरू झाली नाही. आमच्या घराला लागूनच नलूकाकीची पिठाची गिरणी. मी देवरूखला शाळेत शिकवतो. गेली कित्येक वर्षं गिरणीची धडधड ऐकली की मी आंघोळीला उठायचो, आणि त्या दिवशी नुसते कावळे ओरडत होते. दार लोटून आत गेलो. काकी नेहमीच्या खुर्चीवर बसली होती, यंत्रावर चढवायचा पट्टा हातात तसाच... हाक मारली. एरवी एका हाकेला तीन उत्तरं देणारी बाई, तिनं ओ दिली नाही.

तिचा आवाज म्हणजे काय सांगू! काका मुंबईला नोकरीत, सणापुरते घरी यायचे. गिरणी काकीनंच चालवली आणि यंत्राच्या वर बोलायची सवय लागली ती लागलीच. दुःखाच्या घरी समाचाराला गेली तरी ओरडूनच धीर द्यायची. पंचायत समितीवर निवडून गेली तेव्हा मी चिडवलं, ‘काकी, सभेत माईक लागणार नाही तुला.’ ती म्हणाली, ‘माईक नको मेल्या, उत्तरं हवीत.’ आणि तिनं ती खरंच मागितली. आरोग्य केंद्रात औषध आहे म्हणून कुणी सांगितलं, की ही पुढच्या एसटीनं तिथं हजर. पेशंटांच्या बाकड्यावर पदर सावरून बसायची, नंबर यायची वाट बघायची. बाकड्यावर बसलं की सगळं कळतं, असं तिचं म्हणणं. मला तिचा अभिमान तेव्हाही वाटायचा. तोंडावर सांगितला नाही इतकंच. सांगितला असता तर म्हणाली असती, ‘ते ऱ्हाऊ दे, दळण घेऊन जा.’

पण काकी सगळ्यांना आठवते ती विहिरीच्या पावडरीमुळे. एका पावसाळ्यात आमच्या वाडीत कावीळ आली. विहिरीत जंतू मारायची टीसीएल पावडर वेळेवर पडत होती, पाण्याचा अहवाल चांगला होता, तरी घराघरांत माणसं पिवळी. त्यात शेजारच्या शेवंताकाकूची सून पोटुशी, आणि तिलाच कावीळ झाली. गरोदरपणी ही कावीळ जिवावर बेतते. तिला रत्नागिरीला मोठ्या दवाखान्यात हलवलं. त्या संध्याकाळी काकी शेवंताकाकूला धीर द्यायला गेली, मीही सोबत होतो. शेवंताकाकूनं झाकलेल्या हंड्यातून पाणी दिलं आणि प्रेमानं म्हणाली, ‘पी गो नलू, बिनवासाचं हाय. पावडर पडायच्या आदी भरून ठेवलंलं.’

काकीच्या हातातलं फुलपात्र तसंच राहिलं. वाडीतल्या प्रत्येक घरात हेच चालायचं. पावडर कुठल्या दिवशी पडते हे सगळ्यांना पाठ. आदल्या संध्याकाळी प्यायचं पाणी भरून झाकून ठेवायचं आणि पावडरीचं पाणी धुण्याला, गुरांना. वासाचं पाणी देवाच्या नैवेद्याला कसं चालेल, हेही होतंच. म्हणजे विहीर शुद्ध, गुरं शुद्ध, माणसं तेवढी उरली!

पुढच्या सभेत काकी उभी राहिली. ‘साहेब, विहिरीचं पाणी तपासू नका, चुलीजवळच्या हंड्यातलं तपासा. आणि सुरुवात माझ्या वाडीपासून करा.’ आरोग्य अधिकारी भला माणूस, त्यानं मनावर घेतलं. कर्मचारी घरोघर फिरून हंड्यातल्या पाण्यात तपासणीच्या औषधाचे थेंब टाकायला लागले. पावडर असेल तर पाणी पिवळं व्हायचं. आमच्याकडे एका घरात होईल तर शपथ! वाडी खवळली. नलूनं आपल्याच माणसांची अब्रू वेशीला टांगली, म्हणाले. दळणं दुसऱ्या गावाला जाऊ लागली. शेवंताकाकूनं बोलणं टाकलं, आणि तेच काकीला लागलं. सुनेची खबर ती माझ्याकडून घ्यायची. ‘पोर जगली पायजे रे,’ एवढंच म्हणायची.

तशात गणपती आले, मुंबईकर आले. आमच्याकडे आरती घरोघर फिरते, आणि भांडण कितीही असो, घर वगळायचं नाही. काकीच्या घरीही सगळे आले, तोंडं फुगवून का होईना. आरती झाली, सगळ्यांच्या वतीनं देवाला गाऱ्हाणं घालायची वेळ आली. घालणारे आजोबा खोकत होते, तोवर काकीनंच हात जोडले आणि तो गिरणीतला आवाज लागला. ‘बा गणराया, शेवंताची सून दवाखान्यात हाय, ती बाळासकट सुखरूप घरी येऊ दे रे म्हाराजा!’ सगळे म्हणाले, ‘व्हय म्हाराजा!’ ‘मुंबईची पोरं आली हायत, ती धडधाकट परत जाऊ देत रे म्हाराजा!’ ‘व्हय म्हाराजा!’ ‘आणि ह्या वाडीच्या हंड्याहंड्यात पावडरीचं पाणी येऊ दे रे म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’ सगळी वाडी सवयीनं ओरडली... आणि मग एकमेकांची तोंडं बघत बसली. काकीनं लगोलग पळी उचलली. तीर्थाला पावडरीचा वास येत होता, पण तीर्थाला नाही कोण म्हणणार? शेवंताकाकूनं ओंजळ बराच वेळ तशीच धरली होती. शेवटी ती ते घोटभर पाणी प्यायली आणि ओला हात डोळ्यांना लावून रडायला लागली. काकीनं पळी खाली ठेवून तिला जवळ घेतलं.

सून वाचली, बाळही वाचलं. वाडीतली कावीळ हळूहळू ओसरली. दळणं परत आली, आणि सभापतींपासून सगळे काकीचं ऐकायला लागले. ती मात्र कुणाकडेही गेली की आधी फुलपात्र नाकाशी न्यायची, मग प्यायची. आम्ही हसायचो.

तिच्या तेराव्याला अंगणात चुली पेटल्या. स्वयंपाक शेवंताकाकूच्या हाती. पाण्याच्या कळश्या आल्या, काकूनं एकीत वाटी बुडवली, नाकाशी नेली आणि ओरडली, ‘थांबा गो! तांदूळ टाकू नका. ह्या पाण्याला वास नाय!’ बायका थांबल्या. दुखवट्याच्या गडबडीत पावडर राहून गेली होती. कुणी कुरकुर केली नाही. पावडर कालवली, विहिरीत सोडली, अर्धा तास सगळे अंगणात बसून राहिले, मग नवं पाणी ओढलं.

पानं मांडली तेव्हा काकीच्या फोटोपुढं ठेवायचा तांब्या मी भरला. शेवंताकाकूनं तो माझ्या हातातून घेतला, हुंगला, आणि परत दिला.

‘ठेव आता,’ ती म्हणाली. ‘हे पिईल नलू.’