एम्फसाइज करणारे काका

"यातलं एकच सांगा, जाड काय करू?"

नांदेडच्या मोंढा बाजाराजवळ छोटी प्रेस चालवणारे काका प्रत्येक गिऱ्हाइकाला हे विचारायचे. लग्नपत्रिकेचा मजकूर घेऊन आलेली माणसं म्हणायची, "समदंच करा." तुम्हीही अशा पत्रिका पाहिल्या असतील. चुलते, मामा, सरपंच सगळे ठळक, नवरी मात्र शोधावी लागते.

मी शाळेची छपाई घेऊन जायचे. एकदा दहावीच्या इंग्रजी शब्दांची यादी टाईप करताना ते 'एम्फसाइज'वर थांबले.

"मॅडम, हे काय हाय?"

"भर देणे. महत्त्वाचं काय ते ठसवणे."

"म्हंजे मी दिवसभर करून राहिलो ते. लोक मला उगीच कटकट्या म्हणतात."

तेव्हापासून तो शब्द त्यांचाच झाला. चहावाल्यालाही ते हळूच सांगत, "साखर कमी. एम्फसाइज करून राहिलो."

छापण्याआधी प्रुफावर घरच्या माणसाची सही हवी, हा त्यांचा नियम होता.

एकदा मी तिथेच असताना लोह्याहून दीर-भावजय आले. नवरीचे वडील वारलेले. दीर नावं सांगत होता, भावजय दाराजवळच्या स्टुलावर बसली होती.

"नवरीच्या आईचं नाव?" काकांनी विचारलं.

"वैनीचं नगं. शुभकार्य हाय," दीर म्हणाला. "माझं जाड करा."

बाईंनी पदर सारखा केला.

काकांनी बाईंनाच त्यांचं नाव विचारून घेतलं आणि दोन प्रुफं काढली. एक दिराने सांगितलं तसं. दुसऱ्यात सगळी नावं बारीक, आईचं तेवढं ठळक. दोन्ही त्यांनी बाईंच्या हातात दिली.

"वैनी, लेक तुमची. सही तुम्ही करा."

"काका, मी सांगितलं काय अन् तुम्ही करून राहिलात काय?"

"तुमचं बी हाय की त्यात. निवडू द्या त्यांना."

बाईंनी आपल्या नावाखाली बोट ठेवलं. मग त्याच कागदावर त्यांनी सही केली. दीर बाहेर जाऊन उभा राहिला. थोड्या वेळाने आत येऊन म्हणाला, "निदान माझं पहिल्या ओळीत घ्या."

"घेतो की," काका म्हणाले.

गेल्या वर्षी काका गेले. प्रेसच्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे.

परवा त्या बाई बसस्टँडवर भेटल्या. नातीच्या बारशाची पत्रिका छापायला आल्या होत्या. काका गेल्याचं त्यांना माहीत नव्हतं. मी लगेच वहीचं पान फाडून तीन प्रेसचे पत्ते लिहून दिले.

त्यांनी कागद वाचला. "मॅडम, तिथं नावं कुणाला इचारून टाकतात?"