आहे तेच पाणी

चौगुले सरांच्या एकसष्टीच्या गौरवग्रंथात मला लिहायला मिळते आहे, हा मी माझाच सन्मान समजते. आमच्या घरातली पहिली पदवी घेऊन मी त्यांच्या कार्यालयात मुलाखतीला गेले, तेव्हा सरांनी गुण विचारले नाहीत. "घरात पाणी कोण भरतं?" एवढेच विचारले. "मीच," मी म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून कामावर.

कारखान्यांचे पाणी, वीज, इंधन वाचवून त्यांना पर्यावरणाच्या नियमांत बसवणे, हे सरांचे आयुष्यभराचे काम. ते किती अवघड आहे हे मला हुपरीत कळले. चांदीचे पैंजण ॲसिडने उजळून धुणाऱ्या एका कारखान्याला नोटीस आली होती. सांडपाण्यात सुधारणा दिसली नाही, तर कुलूप. माझी आई तिथेच पैंजण धुते. तिच्याच पगारावर मी शिकले.

तपासणीच्या सकाळी मालक आप्पासाहेब म्हणाले, "सर, बोअर चालू करतो. सांडपाण्याच्या टाकीत चांगलं पाणी सोडलं की सॅम्पल पास हुतंय की!"

"आणि उद्या?"

"उद्याचं उद्या बघू. बायका दारात बसल्यात, त्यास्नी काय सांगू?"

आईने मला बाजूला ओढले. "तुझ्या सरास्नी गप बसायला सांग गं. बंद पडलं तर आमी जायाचं कुठं?"

मी वळून पाहिले. सरांनी बोअरचा फ्यूज काढून खिशात टाकला होता.

अधिकारी आले. सर त्यांना म्हणाले, "नमुना नापास होणार. तरी आहे तेच पाणी घ्या. दुरुस्तीला मुदत मात्र द्या." मुदत मिळाली, पण तोवर धुलाई बंद. त्या संध्याकाळी आईने माझ्याशी अबोला धरला.

सर रोज हुपरीला येत राहिले. शेवटच्या धुण्याचे पाणी आधीच्या धुण्याला वापरता येईल अशा टाक्या त्यांनी बसवून घेतल्या, गरम पाण्याच्या टाकीला झाकण करवले. सांडपाणी इतके कमी झाले, की ते शुद्ध करणे आवाक्यात आले. "टाक्या बसवायला बाहेरचे मजूर आणायचे नाहीत," असे त्यांनी आप्पासाहेबांना बजावले होते. आईसकट सगळ्या बायकांना त्याच कामावर हजेरी मिळाली.

नवा नमुना गेला. पास झाला, तेव्हा आई सरांना म्हणाली, "सर, तुमास्नी मनात लई शिव्या घातल्या."

"मनात कशाला? तोंडावर घालायच्या की!"

आई आजही तिथेच कामाला आहे. पण नोटीस आली की पाणी सुधारण्याऐवजी नमुना सुधारायला निघणारे मालक अजून पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या दारात बसलेल्या बायकांकडे बघून माझा आवाज अजूनही बारीक होतो. म्हणून सर, आपण ठणठणीत तब्येतीने शंभरी गाठावी, आणि आम्ही कचरलो तर रागवायला शेजारी उभे असावे, हीच मनापासून इच्छा.