ओलीस जावई

माझे वडील सैन्यात होते म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर बर्फ, बंदूक आणि सरहद्द उभी राहते. वडिलांसमोर मात्र सगळी नोकरीभर टाइपरायटर होता. लष्कराच्या कायदा विभागात ते हवालदार कारकून होते. कुणी रायफल हरवली, कुणी साहेबाच्या अंगावर धावून गेला, की त्याचं कोर्ट मार्शल व्हायचं आणि त्यातला शब्द न् शब्द वडील टाइप करायचे. निवृत्त होऊन सोलापुरात आले, तेव्हा गल्लीनं त्यांना परस्पर बढती देऊन मेजर केलं. त्या बढतीला त्यांनी कधी हरकत घेतली नाही.

मी लग्न केलं ते रस्त्यापलीकडच्या गल्लीतल्या मुलाशी. त्याच्या घरी तेलुगू बोलतात. वाडवडील मागावर बसले, हा टॉवेलच्या कारखान्यात ऑफिसात बसतो. मधला रस्ता एवढा अरुंद की इकडं मिरचीची फोडणी दिली तर तिकडं ठसका लागावा. वडिलांना मात्र तेवढा रस्ता ओलांडवेना. लग्नाचं सांगितलं तेव्हा त्यांनी आरडाओरडा केला नाही. चष्मा पुसला आणि म्हणाले, "ह्ये प्रकरन मी दाखल करून घेत न्हाय."

झालं. शिव्या नाहीत, शाप नाहीत. माझ्याशी बोलायचे, भाजी कशी झाली ते सांगायचे, पण जावई हा शब्द घरातून हद्दपार. नवरा मला स्कूटरवरून कोपऱ्यावरच्या पानटपरीपाशी सोडायचा आणि तिथूनच परत न्यायचा. आईनं जावई बघितला तो गच्चीवरून, हेल्मेटसकट. मला याचा भयंकर संताप यायचा. वडिलांवर काढायची सोय नव्हती, म्हणून मी तो आईवर काढायचे.

वडिलांचा एकच नाद, टीव्हीवरची लष्करी कोर्टाची मालिका. मूळ परदेशी, हिंदीत डब केलेली. वर्दीतले देखणे वकील, देखण्या वकिलिणी आणि दर भागाला एक गुन्हा. वडील ती बघायचे कमी आणि तपासायचे जास्त. "कोर्टात खिशात हात? ह्याचंच कोर्ट मार्शल करा आदी!" गल्लीतली तालमीची पोरंही येऊन बसायची. त्यांना कायद्यात रस नव्हता, गोळीबारात होता. एका संध्याकाळी शस्त्रागारातून रायफली चोरीला गेल्याचा भाग लागला. चोर कळेना, तेव्हा नायकानं संशयिताच्या टोळीतला एक माणूस ओलीस, त्यांच्या हिंदीत बंधक, धरला आणि पुढं सगळं आपोआप सुटलं. पोरांनी तो भाग फार मन लावून बघितला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी आमच्या तालमीतल्या तलवारी गेल्या. मिरवणुकीत मर्दानी खेळासाठी वापरायच्या दोन तलवारी आणि एक दांडपट्टा. धार एवढी की काकडीसुद्धा विचार करून चिरली असती. पण मिरवणूक तोंडावर आलेली, भिंतीवरच्या खुंट्या रिकाम्या, आणि वस्ताद कुठं गेलेत कुणाला ठाऊक नाही, फोन लागत नाही. पोरांनी तपास जागच्या जागी पूर्ण केला. समोरच्या गल्लीचं मंडळ यंदा मोठी मिरवणूक काढणार होतं. म्हणजे चोर तिकडचेच. आता एक ओलीस पाहिजे.

समोरच्या गल्लीतला माणूस, एकटा, हाताशी आयता कुठं मिळणार? पानटपरीपाशी, स्कूटरवर, बायकोची वाट बघत.

मी स्वयंपाकघरात आईशी बोलत होते. बाहेर गलका झाला म्हणून दारात आले, तर दोन पोरांनी माझ्या नवऱ्याला दोन्ही दंडांना धरून आणलेलं. तिसऱ्याच्या हातात स्कूटरची किल्ली. धरणारा पोरगा अदबीनं म्हणत होता, "दाजी, घाबरू नगा. तुमी आता बंदक हाय. आत हेल्मेट ठिवायला जागा देतो."

गल्लीच्या पोरीचा नवरा तो गल्लीचा दाजी. वडिलांनी प्रकरण दाखल करून घेतलं नव्हतं, पोरांनी कधीच घेतलं होतं.

आई बाहेर आली. एक क्षण बघितलं आणि आत पळाली. मला वाटलं घाबरली. ती परत आली ती हातात भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन. "काकू, ह्यो बंदक हाय," पोरगा म्हणाला. "आसू दे. पयल्यांदा दारात आलाय जावई," आई म्हणाली आणि तिनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. दंड सोडायचे नाहीत असा पोरांचा निर्धार असल्यामुळं दृष्ट त्यांचीही निघाली. मग तिनं जावयाला कुंकू लावलं आणि शिरा करायला आत गेली.

वडील खुर्चीतून उठले नाहीत. टीव्हीचा आवाज बंद केला. पोरं म्हणाली, "मेजर, चौकशी करा." मला वाटलं, आता हाकलतील. पण चौकशी म्हटल्यावर त्यांची पाठ ताठ झाली. शर्टाचं वरचं बटण लावलं. पोरांना भिंतीला ओळीनं उभं केलं. माझ्या नवऱ्याला समोर स्टूल दिलं. जन्मभर दुसऱ्याची कोर्टं टाइप केलेला माणूस पहिल्यांदाच अध्यक्षाच्या खुर्चीत बसला होता, आणि आरोपी कोण, तर ज्याचं तोंड बघायचं नाही असं त्यांनी ठरवलेलं, तो.

"कोर्ट बसायच्या आदी आरोपीला इचारायचं आसतं," ते म्हणाले. कायदा तो कायदा, तिथं त्यांच्या मताला वाव नव्हता. "तुजा न्याय मी करनार. मी न्यायाला बसन्यावर तुजी काय हरकत हाय का?"

कुठलाही शहाणा माणूस नाही म्हणाला असता. माझा नवरा सोलापूरचा. "हाय की," तो म्हणाला.

"कसली?"

"तुम्ही माझे सासरे आहात, सर."

मी दाराची चौकट धरली. वडील कसल्या पेचात सापडलेत ते मला लख्ख कळलं. हरकत फेटाळली तर आपलं नातं नाही असं भर गल्लीसमोर म्हटल्यासारखं. त्यानंतर तो पुन्हा कधी टपरीपाशीसुद्धा थांबला नसता, आणि मीही आले नसते. नवऱ्याला हे सुचलं की भीतीनं तोंडातून गेलं, ते मी आजही विचारते. भीतीनं, असं तो म्हणतो. माझा विश्वास नाही.

वडिलांनी चष्मा पुसायला घेतला. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. ते उठून स्वयंपाकघरात आले, मागोमाग मी. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन कायम स्पीकरवर.

"मेजर, म्या वस्ताद," फोनमधून आवाज आला. "पोरं लई फोन करायलीत जनू. तलवारी माज्याकडं हायती. दुधनीला आनल्यात मुठी बदलायला. सांगायचं ऱ्हाऊन गेलं बगा."

वडिलांनी फोन बंद केला. सुटले. चोरीच नाही, म्हणजे आरोपी नाही, आरोपी नाही तर हरकत नाही, आणि हरकतीवर निकालही नाही. बाहेर जाऊन एवढं सांगितलं की स्कूटरची किल्ली परत, आणि दाजी पुन्हा टपरीपाशी. मी त्यांच्याकडं बघत होते. माझे डोळे भरून आले होते, लपवायचं सुचलं नाही. आई शिरा ढवळायची थांबली.

"दोगी बी काय बोलू नगा," ते आम्हाला म्हणाले. "म्या सांगस्तवर."

मग बाहेर गेले, खुर्चीत बसले, बटण चाचपलं.

"हरकत मंजूर," ते म्हणाले. "नात्यातल्या मानसानं न्यायाला बसू न्हाय, आसा कायदा हाय."

पोरांना काही कळेना. "म्हंजी काय, मेजर?"

"म्हंजी ह्ये माजं जावई हायती. कोर्ट बरखास्त." आणि मग, जसं काही आत्ताच आठवलं, "तलवारी वस्तादाकडं हायत. दुधनीला. आता धरा घराची वाट."

मी ओट्याशी उभी राहून रडले, चांगली हुंदके देऊन. आई म्हणाली, "शिऱ्यात नगं पाडू, खारट हुईल." तिचं स्वतःचं नाक वाहत होतं.

ओलीस पोटभर जेवला. मग तो आणि वडील टीव्हीसमोर बसले. पडद्यावर कुणीतरी वर्दीतला खिशात हात घालून युक्तिवाद करत होता आणि वडील त्याला काही म्हणाले नाहीत.

आम्ही निघालो तेव्हा ते दारापर्यंत आले. अंगणाच्या कडेला धुण्याचा दगड होता, तो त्यांनी पायानं बाजूला सारला आणि मोकळ्या झालेल्या जागेकडं बघत माझ्या नवऱ्याला म्हणाले, "फुडच्या येळंला गाडी हितं आत लावा. कोपऱ्यावर लई चोऱ्या व्हत्यात."