वरची नावं

माझा नवरा महेंद्र वेबसाइट बनवतो. उल्हासनगरात कॅम्प पाचला त्याचा एका शटरचा गाळा आहे. आमची ओळख त्याच्या चुकीमुळे झाली, आणि हे मी त्याला अजून ऐकवते.

दोन हजार सहा साली धर्मराजकाकांच्या बौद्ध वधू-वर मंडळाची साइट त्यानेच केली होती. आईने माझं नाव नोंदवलं तेव्हा माझी एकच अट होती. अपेक्षेच्या कॉलममध्ये ‘लग्नानंतर नोकरी सोडणार नाही’ असं लिहायचं. आनंदनगरच्या एका कारखान्यात मी पॅकिंग सुपरवायझर होते आणि ती नोकरी मला मनापासून आवडायची.

पुढच्याच रविवारी एक कुटुंब पेढे घेऊन दारात हजर.

"तुम्हाला सुपरवायझर हवाय ना? आमचा मुलगा सुपरवायझरच आहे!" मुलाची आई म्हणाली. "लग्नानंतर तुला कामाला जायची गरजच नाही, किर्ती."

माझं डोकंच फिरलं. ते गेल्यावर सायबर कॅफेत जाऊन साइट उघडली. शिक्षणाखाली माझं गाव, नोकरीखाली बी.कॉम. आणि अपेक्षेखाली सुपरवायझर! माझी अट गायब. साइटच्या तळाशी बनवणाऱ्याचा पत्ता होता, तशीच तणतणत महेंद्रचा गाळा गाठला.

"ओ, हे काय करून ठेवलंय तुम्ही?"

त्याने पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "काकांनी वयानंतर मूळ गावाचा नवीन कॉलम टाकलाय. कॉलमच्या वरची नावं मी हाताने लिहिलेली, पाचच. म्हणून सगळी माहिती एक घर सरकली आणि शेवटची बाहेर पडली."

"मग आता?"

"आता नावं मी ठरवायचीच नाहीत. डेटाबेसकडून जे उत्तर येतं, त्यालाच विचारायचं, बाबा, तुझ्यात कॉलम किती, त्यांची नावं काय? ते सगळं सांगतं. मीच कधी विचारलं नव्हतं."

त्याने काही ओळी खोडल्या, काही नव्या लिहिल्या. मूळ गाव आपल्या जागी आलं आणि शेवटी माझी अटही दिसली. ती त्याने मोठ्याने वाचली.

"बरोबर आहे ना?"

"अगदी."

खोटं कशाला बोलू, माणूस मला तिथेच आवडला. चूक कबूल करताना जराही आढेवेढे नाहीत.

वर्षाच्या आत आमचं लग्न झालं. लग्नानंतर सासरी, विठ्ठलवाडीच्या घरी पाहुणे जमले होते, मी चहा घेऊन बाहेर आले, तेवढ्यात त्याच्या वेणूमावशीने विचारलं, "काय रे महेंद्र, सुनेची नोकरी चालू ठेवायची की बंद?"

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. मी ट्रे धरून तशीच उभी राहिले.

"मला काय विचारतेस, मावशी?" तो म्हणाला. "ती समोर उभी आहे. तिलाच विचार ना."