व्याह्यांचा एकच प्रश्न

आमच्या व्याह्यांइतका आवाजाला घाबरणारा माणूस महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत शोधून सापडणार नाही, आणि त्यांना स्वतःला मात्र जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. डावा कान पूर्ण गेलेला. उजव्या कानाशी ओरडलं तर शंभरातले तीसेक शब्द पोचतात. हा अंदाज नाही, मी एकदा मोजून पाहिलं आहे. मुंबईच्या गोदीत एकवीस वर्षं त्यांनी जहाजांच्या टाक्यांमध्ये उतरून हातोड्याने गंज झाडला. बंद लोखंडी टाकी, आणि आत सहा माणसं एकदम ठोकणारी. त्या कमाईवर कुडपणला घर झालं, मुलगा शिकला आणि कान गेले. तेव्हापासून आपले गेले ते गेले, पण बाकी सगळ्या जगाचे कान सांभाळणं हे आपलं काम आहे, असं त्यांनी ठरवून टाकलं.

दिवाळीत ते गोठ्यातल्या वासरांच्या कानांत कापूस घालतात. गावातल्या शाळेत कवायतीला मास्तरांनी शिट्टीऐवजी रुमाल हलवावा, असा त्यांनी रीतसर अर्ज दिला होता. माझ्या मुलीच्या आणि त्यांच्या मुलाच्या लग्नात पोलादपूरचा बँड आला, तर व्याह्यांनी सगळ्या वाजंत्र्यांना डोंगराकडे तोंड करून उभं केलं. वऱ्हाड बँडवाल्यांच्या पाठी बघत नाचलं. जोडीला गंमत अशी की स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे त्यांचं कुजबुजणं समोरच्या वाडीत पोचतं. मुलगी बघायला आले होते तेव्हा माझ्यासमोर बसून ते विहीणबाईंच्या कानात हळूच म्हणाले, "पोरगी गुणाची हाय. बाप जरा हिशोबी दिसतो!" माझ्या शेजाऱ्यांनीसुद्धा ते ऐकलं. अजून ऐकवतात.

मुलीला दिवस गेले. ती आणि जावई पोलादपूरला राहतात, तपासणी महाडला, माझ्या घराजवळ. सोनोग्राफीत किरणं लागतात, बाळाला बाधतात, असं कोणीतरी विहीणबाईंच्या डोक्यात भरवलं होतं. समजवायला मी कुडपणला गेलो. चुकीची माहिती मला सहन होत नाही. "किरणं नाहीत हो," मी व्याह्यांच्या उजव्या कानाशी शब्द तोडून तोडून ओरडलो. "एक्स-रे वेगळा. हा नुसता आवाज असतो. आत जातो, आपटून परत येतो, त्यावरून चित्र दिसतं." शंभरातले तीस पोचायचे ते नेमके हेच पोचले. विहीणबाई निवांत झाल्या. व्याही उठून उभे राहिले.

"आवाज?"

"हो, पण ऐकू न येणारा."

"मलाबी ऐकू येत नाय. म्हणून काय आवाज नसतो व्हय?"

मी पुन्हा त्यांच्या कानाशी वाकलो, पण त्यांनी हातानेच थांबवलं.

"टाकीवर भायेरनं हातोडा मारला का आत बसलेल्याचं काय होतं ते मला ठावं हाय, व्याही. आन् हितं लेकरू आत बसलंय." मग खाली बसून म्हणाले, "करू नका असं नाय म्हनत मी. डॉक्टरबाई शिकलेली हाय. मला तिला येकच विचारायचंय, कानाला काय होत नाय ना? ती 'नाय होत' बोलली का माझं काम झालं. मला घेऊन चला."

मागणी एवढीच होती. पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी मंगळवारी ठरली होती. पण माझ्या डोळ्यांसमोर तो दवाखाना आला. बाकांवर बसलेल्या वीसेक बायका, आणि आमच्या व्याह्यांचा हळू आवाज. मुलगी म्हणाली, "बाबा, येऊ देत की त्यांना. काय होतंय?" मीच नको म्हणालो. व्याह्यांना मी गुरुवार सांगितला. त्या वेळी मला ते खोटंही वाटलं नाही, फक्त सोयीचं वाटलं.

मंगळवारी सगळं नीट पार पडलं. गुरुवारी व्याही पहिल्या एसटीने निघाले, पोलादपूरला गाडी बदलली आणि इस्त्रीचा सदरा घालून थेट दवाखान्यात पोचले. तिथल्या मुलीने वही बघून सांगितलं की हे परवाच झालं. तिथून ते माझ्या घरी आले. मी दार उघडलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

"झालं म्हणे," ते म्हणाले. "रिपोट चांगला हाय?"

"चांगला आहे."

"कानांचं लिवलंय काय?"

"नाही. कानांचं त्यात कळत नाही."

चहा घेतला आणि दोनच्या गाडीने गेले. गुरुवारबद्दल एक शब्द बोलले नाहीत.

पुढचं मला विहीणबाईंकडून कळलं. त्या दिवसापासून घरात मिक्सर बंद. कुकरची शिट्टी काढून त्यांनी माळ्यावर टाकली, डाळ उघड्या भांड्यात शिजू लागली. मुलगी सासरी जायची तेव्हा कुत्रा आधीच शेजारच्या वाडीत पोचवलेला असायचा. "झालं ते झालं, उरलंय तेवढं तरी राखू," असं म्हणायचे म्हणे. म्हणजे बाळाच्या कानांना इजा झाली, असं ते मनाशी धरून बसले होते, आणि कोणालाही दोष देत नव्हते.

आठव्या महिन्यात मी स्वतः डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, हा आवाज कानाला ऐकू येण्याच्या फार वरचा असतो, हातोड्यासारखा आदळत नाही. गरजेपुरती, जाणत्या हातांनी केलेली तपासणी इतकी वर्षं चालू आहे, तिने बाळाचे कान गेल्याचं दिसलेलं नाही. मात्र हौसेखातर करू नये. सगळं मिळून दोन मिनिटं लागली. शेवटी त्या म्हणाल्या, "आजोबांना घेऊन यायचं होतंत. असं विचारणारे बाप रोज भेटतात, आजोबा पहिलेच."

मी लगेच कुडपणला जाऊन शब्दन् शब्द त्यांच्या कानाशी सांगितला. त्यांनी मान डोलावली. "बरं," म्हणाले. "तुमी सांगताय म्हंजे असंल." आणि कुकरची शिट्टी माळ्यावरच राहिली. निरोप खरा होता, पण तो गुरुवार सांगणाऱ्या माणसाने आणला होता.

नात झाली. माझ्या घरी बारसं होतं. बायका पाळण्याभोवती जमल्या असताना व्याही मागून आले आणि त्यांनी तांब्याच्या हंड्यावर आमटी वाढायचा डाव हाणला. किती जोरात, ते त्यांना कळणं शक्यच नव्हतं. बाळ दचकून टाहो फोडून रडायला लागलं. "अवो, येडे का खुळे तुमी!" विहीणबाई कडाडल्या. सगळं घर त्यांच्यावर तुटून पडलं. ते मात्र डाव हातात धरून त्या रडणाऱ्या तोंडाकडे बघत होते आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. चार महिन्यांची भीती होती ती, दोन मिनिटांत संपली असती अशी.

मी त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन बसलो. वाक्य तयार होतं. "माझं चुकलं," मी म्हणालो. असलं वाक्य माणूस हळूच म्हणतो.

"काय म्हणालात?" त्यांनी कान पुढे केला. सगळ्या बायका वळून बघू लागल्या.

"पोरगी गुणाची आहे म्हटलं!" मी ओरडलो.

"हाय, हाय," ते हसून म्हणाले.

त्यानंतर मी तीनदा कुडपणला जाऊन आलो. तिन्ही वेळा त्यांच्या घरात माणसं होती.