सुमनताईंची गाणी

काल लेकीने लॅपटॉपसाठी सिस्टिमची मोठी फाइल उतरवली आणि ती धड उतरली का, हे साइटवर दिलेल्या पडताळणीच्या आकड्यांशी जुळवून पाहिलं. माझी मान खाली गेली.

कापसाच्या त्या वाईट वर्षांत पांढरकवड्याला माझं कॉम्प्युटरचं दुकान होतं. चार दिवसांत उतरलेली सिस्टिमची फाइल मी न तपासताच सीडीवर घेतली आणि दुकानात दुरुस्तीला आलेल्या सुमनताईंच्या कॉम्प्युटरवर चढवली. फाइल खराब होती. जुनं सगळं पुसलं गेलं, नवं अर्ध्यात अडकलं.

"भाऊ, आईची कोलामी गाणी त्यातच होती ना," त्या हळूच म्हणाल्या. कोलाम लोकांच्या बोलीतली ती गाणी त्यांनी आईजवळ बसून टाइप केली होती. आई आता नव्हती.

"तुमचं मशीनच खराब होतं," मी म्हणालो.

"मंग माहीच चूक झाली. तुमाले उगाच तरास देला."

"असू द्या ताई," म्हणत मी त्यांना माफ केलं.